बाभुळवनाचं कडवं

समुद्र आमच्या सात पिढ्यांत कुणी पाहिला नाही, पण गाण्यांत मात्र दर्याच दर्या. माझं आजोळ गंगापूरकडचं, धरणाच्या फुगवट्याला लागून असलेली भोयांची वस्ती. पलीकडचा काठ दिसत नाही, म्हणून बायका त्या पाण्याला दर्या म्हणतात. मी शहरात, शहागंजात ब्लाउज शिवते. सुट्टीच्या दिवशी जीप पकडून मासळी आणायला गेले की मामीला चिडवायचे, "तुझा दर्या आमच्या नळाला आठ-आठ दिवस येत नाय गं."

त्या पाण्याखाली जुनं गाव आहे. मरळ मिळते ती गावापलीकडच्या टेकाडाजवळ, आणि तिथं जायची वाट बायकांच्या गाण्यात आहे. पहिलं कडवं देवळाचं:

बुडल्या देवळाला उजवं घाल, राजा,
हात जोडून म्हण, पाठीराखा माझा.

दुसरं बाभळींचं:

बाभुळवनात जाळं टाकू नको, राजा,
तिथं गेला त्याच्या दारी वाजंना बाजा.

आणि तिसरं टेकाडाचं:

टेकाडाच्या वाऱ्याला पाठ दे, राजा,
मरळ मिळंल, निवद करू ताजा.

बाभळी उभ्याच्या उभ्या बुडाल्या आहेत. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्यांचे शेंडे वीतभर खाली असतात. वरून दिसत नाहीत, आणि त्यांत अडकलेली जुनी जाळी माणसालाही सोडत नाहीत.

पण हे दुसरं कडवं मंगल कार्यात म्हणायचं नाही. हळदीला नाही, डोहाळजेवणाला नाही, पोटुशी बाई घरात असली तर चुलीपुढंही नाही. तेवढं कडवं बायका गिळतात. गाणं मध्येच तुटलंय हे परक्याला कळतसुद्धा नाही. वस्तीतली पोरं ते एरवी ऐकतच मोठी होतात, त्यामुळे आजवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

मामा आजारपणात गेले. मग मामेबहिणीचं लग्न झालं आणि जावई वस्तीतच राहायला आले. पिशोरकडचे, ओढ्या-तळ्यांत मासे धरणारे. मी त्यांना दाजी म्हणायचे. कामाला वाघ, गळा गोड. हळदीतलं गाणं त्यांनी ऐकता ऐकता उचललं होतं. लग्नापाठोपाठ बहिणीला दिवस गेले. दाजी काठालगतच जाळी टाकायचे. वस्तीला वाटलं, पुढचं पाणी त्यांना घरचे सांगतील. घरच्यांना वाटलं, गाणं तर त्यांना येतंच.

त्या चैत्रात काठची मासळी संपली. मी पोचले तेव्हा दाजी एकटेच होडी लोटत होते. बाकीची माणसं मासळी घेऊन बाजाराला गेली होती. "थांबा जेवायला, टेकाडाची मरळ आणतो," मला म्हणाले आणि निघाले. मोबाइल भिजेल म्हणून ते तो घरी खुंटीला ठेवून जायचे.

मी मामीजवळ लसूण सोलायला बसले. पाण्यावरून त्यांचं गाणं ऐकू येत होतं. देवळाचं कडवं झालं आणि लगेच टेकाडाचं सुरू झालं.

"मामी, दाजी मधलं कडवं का म्हणत नाय?"

मामीचा हात थांबला. "त्येंनी ते ऐकलंच कुठं," ती म्हणाली. "हळदीत घेतलं नाय. मंग ही पोटुशी राह्यली."

आम्ही काठावर धावलो. होडी देवळाच्या जागेपर्यंत गेली होती. वारा पाण्याकडून आमच्या तोंडावर येत होता. आम्ही हात हलवले, हाका मारल्या. बहीण मागून पोट सावरत आली आणि काय झालं म्हणून विचारू लागली. गाणं म्हणजे हाकेपेक्षा लांब जाणारी गोष्ट, हे मामीला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तिनं तोंड उघडलं, लेकीच्या पोटाकडं पाहिलं आणि मिटलं. मला तिचा भयंकर संताप आला.

"म्हण ना गं, मामी."

मग तिनं ते कडवं म्हटलं, सगळा जीव लावून. दोनदा, तीनदा. वाऱ्यात शब्द फाटले, नुसती चाल पोचली असावी. दाजींनी वल्हं उंच धरून दाखवलं. सासू कौतुकानं गातेय असंच त्यांना वाटलं असणार. त्यांनी मोठ्या आवाजात टेकाडाचं कडवं परत दिलं आणि होडी सरळ घेतली.

होडी बाभळींवर पालथी सापडली. जुनी जाळी कापून दाजींना बाहेर काढावं लागलं.

तेराव्यापर्यंत मी तिथंच राहिले. बायका येत, पाण्याला शिव्या देत, नशिबाला बोल लावत. बहीण भिंतीला टेकून बसलेली असे. तेराव्याच्या दुपारी मामी तिला जवळ घेऊन म्हणाली, "दर्यानं नेलं गं, बाई. आपल्या हातात काय व्हतं."

बहिणीनं तिचा हात बाजूला केला.

"दर्याचं नाव नको घेऊ, माय," ती म्हणाली. "तुला तर पुरं गाणं येत व्हतं."