पहिला प्लग

दादाचं म्हणणं एकच होतं, बाबांना आता काही आठवत नाही. गॅस सुरू ठेवून ते दोनदा फिरायला निघून गेले होते. म्हणून भंडाऱ्याचं घर बंद करायचं, त्यांना नागपूरला न्यायचं आणि अंगणातली अँबेसेडर भंगारात द्यायची. मी फोनवर कचाकचा भांडले. शेवटी बोलून गेले, "रविवारी ये. बाबा स्वतः गाडी सुरू करून दाखवतील. मग हा विषय बंद."

गाडीचा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे कोणत्या प्लगला केव्हा ठिणगी द्यायची ते ठरवणारा भाग, पार झिजला होता. मूळ कंपनीचा आता मिळत नाही. बाजारातला नवा मागवला, सोबत नव्या वायरी. पैजेचं बाबांना सांगितलं नाही.

रविवारी बाबा बोनेटपाशी स्टूल टाकून बसले. "पयल्या प्लगाच्या भोकात चिंधीचा बोळा घाल अन् हँडल फिरव. आतल्या हवेनं बोळा उडाला का हळूहळू पुलीवरची खूण जुळव," म्हणाले आणि मागाच्या खोलीत रंगीत धागे शोधायला गेले. आमचे हातमाग बंद होऊन वर्षं झाली, धागे अजून आहेत. ते येईपर्यंत बोळा उडाला, खूण जुळली, नवा डिस्ट्रिब्युटर मी बसवलासुद्धा. मग त्याच्या टोपीत ठिणगीच्या क्रमानं वायरी लावल्या, एक, तीन, चार, दोन, आणि ओळखायला प्रत्येकीला धागा बांधला. पहिलीला लाल. प्लगवरची टोकं मात्र बाबांनीच लावली. वेळ लागत होता, पण मी मध्ये पडले नाही.

तेवढ्यात दादाचा फोन. "शहापूरले पोहोचलो. आता येतोच."

चावी फिरवली. फट्ट! कार्बोरेटरमधून धूर आला, इंजिन काही लागलं नाही. पुन्हा फिरवली, पुन्हा फट्ट. बाबा वायरींकडे पाहत म्हणाले, "लावल्या त बरोबरच." दादा खरं बोलत होता की काय? एवढं साधं ते विसरले? भीती वाटली की मी चिडते, तशी चिडलेच.

"बाबा, लाल कुठं लावली?"

"पयल्याले," म्हणून त्यांनी मागचा, सीटकडचा प्लग दाखवला.

"अहो, पहिला पुढचा. रेडिएटरकडचा."

"काहून? बसणाऱ्याच्या जवळचा तो पयला. मागावर आपून कुठून मोजतो?"

मी बोळा पुढच्या भोकात घातला होता, म्हणजे पहिली ठिणगी पुढच्या प्लगसाठी जुळवली होती. बाबा गाडी घेतल्यापासून मागून मोजत आले होते आणि गाडी छान चालत होती, कारण बोळाही तेच मागच्या भोकात घालत. आज अर्धं काम माझ्या मोजणीनं झालं, अर्धं त्यांच्या. ते काहीच विसरले नव्हते. मला तिथंच रडू फुटलं.

"रडून कायले राहिली? वायरी बदल," बाबा म्हणाले.

प्लगवरच्या वायरी उलट क्रमानं लावल्या आणि इंजिन लागलं. बाबा डोळे मिटून आवाज ऐकत होते, मी डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवत होते. "अजून थोडा. जास्त झाला, माघारी घे. बस. आता कस." मी बोल्ट कसला.

दादा फाटकातून आत आला तेव्हा गाडी सुरूच होती. तो तिच्याकडे पाहत उभा राहिला. "बाबांनी केली," मी म्हटलं. तो हातपाय धुवायला गेला.

बाबांनी चिंधीला हात पुसले, इंजिन बंद केलं आणि माझ्याकडे न पाहता हळूच विचारलं, "गाडी त पास झाली, बाई. अन् मी?"