साकु म्हणजे किती?

स्टाफरूममधले किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. फ्रीजरमध्ये बर्फ साठतो तसे ते साठतात. कुणी ठेवलेला नसतो, पण एक दिवस बघावं तर दार लागत नाही. मी सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या एका शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं. रिटायर होऊन वर्ष झालं. कुणी भेटलं की म्हणतं, "शिंदे मॅडम, शाळेतलं काहीतरी सांगा की." आणि दरवेळी माझ्या तोंडात पहिलं नाव येतं ते बिराजदार मॅडमचं. त्याचाही मला रागच येतो.

तिला तोंडावर मी अहो-जाहो करायचे. मनात मात्र पहिल्या दिवसापासून अगं-तुगं. इथंही तसंच बोलणार आहे.

आमच्या शाळेत एक रिवाज होता. निकालाच्या दिवशी मुलं घरी गेली की स्टाफला घरचं आईस्क्रीम. ते अकरा वर्षं मी करत होते, आंब्याचं. दूध मापानं, साखर काट्यावर तोलून, प्रत्येकाच्या वाटीत सारखं. त्या एका दिवसाची मी वर्षभर वाट बघायचे. हे तेव्हा कुणाला बोलले नाही, आता सांगायला काय हरकत आहे.

मग बिराजदार मॅडम बदली होऊन आली. मूळची अक्कलकोटकडची, घरी कन्नड, शाळेत मराठी. पहिल्याच निकालाला तिनं न विचारता एक स्टीलचा डबा आणला. झाकण काढलं तर आत तपकिरी गोळा. मी वाकून वास घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "दूध करपलं वाटतं तुमचं?"

"दूध न्हाय ओ मॅडम, साखर," ती म्हणाली. "मुद्दाम जाळलीय."

दहा मिनिटांत तिचा डबा चाटून पुसून रिकामा. माझं आंब्याचं निम्मं तसंच. आमचे पीटीचे जाधव सर उजनीकाठच्या गावचे, पोटात एक ओठात एक त्यांना जमतच नाही. मी त्यांना विचारलं, "सर, माझं कसं झालंय?"

"बाई, तुमचं बरोबर हाय," सर म्हणाले. "पर ह्यांचं आईस्क्रीम हाय."

*

मन घट्ट करून मी एकदा तिला रेसिपी विचारायला गेले. वही-पेन घेऊन बसले.

"साखर किती?"

"डोळ्याला बरी दिसंल तेवढी."

"पाणी?"

"पाणी कशाला? कोरडीच टाकायची कढईत. मंद आच, स्वल्प हलवायची." स्वल्प म्हणजे थोडंसं.

"किती वेळ जाळायची?"

"साकु वाटंपर्यंत."

साकु म्हणजे पुरे. सोलापुरात राहून एवढं कन्नड तर सगळ्यांनाच येतं. मी म्हटलं, "अहो, पण साकु म्हणजे किती? मिनिटं सांगा."

"ते साखरच सांगते की ओ," ती हसून म्हणाली.

मी वहीत लिहिलं, साखर क्ष, वेळ य. दोन अज्ञातं आणि समीकरण एकही नाही. बाई मुद्दाम लपवतीय, अशी माझी खात्रीच झाली.

*

रविवारी घरी प्रयोग केला. कढईत साखर घातली, मोबाईलवर वेळ लावली. चौथ्या मिनिटाला मधासारखा रंग आला. म्हटलं, तिची जरा गडद असते, अजून थोडं थांबू. पाचव्या मिनिटाला काळीकुट्ट, आणि घरभर धूर. आमचे हे हॉलमधून धावत आले.

"काय जळतंय?"

"साखर."

ह्यांनी कढईकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "नुसती साखरच ना?"

दोन दिवस मी ह्यांच्याशी बोलले नाही. कढई मात्र ह्यांनाच घासायला लावली.

*

जाधव सरांच्या घरी चार म्हशी. मी अकरा वर्षं आईस्क्रीम केलं, तेव्हा ह्या माणसानं कधी पावशेर दूध आणलं नाही. बिराजदार मॅडम आल्यावर दुसऱ्याच वर्षी मोटरसायकलला किटली अडकवून हजर. वर बोटभर साय. मला राहवलं नाही. म्हटलं, "सर, माझ्या वेळी कधी आणलं नाहीत."

"तुमी सगळं मापात करता बाई," ते म्हणाले. "म्हटलं, आमचं दूध काय तुमच्या मापात बसायचं न्हाय."

सगळा स्टाफ हसला. तीसुद्धा हसली, ते जास्त लागलं.

*

पाच-सहा कढया जाळल्यावर साखर मला साधली. रंग तोच, वासही तोच. एक वाटी शाळेत नेली आणि कुणी केलंय ते सांगायचं नाही असं ठरवलं. आमचे शिपाई इस्माईलभाई खाण्याच्या बाबतीत लई चोखंदळ. चहात आलं कमी पडलं तरी ते कप परत करतात. त्यांच्यापुढे वाटी ठेवली.

"खा, आणि खरं सांगा."

त्यांनी दोन चमचे खाल्ले, डोळे मिटले. "अच्छा है, बाई."

माझा जीव भांड्यात पडला. त्यांनी तिसरा चमचा खाल्ला आणि काळजीनं विचारलं, "बनाते वक्त बिराजदार मॅडम की तबियत ठीक नहीं थी क्या?"

*

मग माझ्या रिटायरमेंटचं वर्ष आलं. निकाल आणि माझा निरोप समारंभ एकाच दिवशी. मला वाटलं, शेवटचं आईस्क्रीम तरी माझ्याकडे येणार. शाळेतून जाताना लोकांनी माझ्या हातची चव घेऊन जावं, एवढंच मला हवं होतं. हेडसरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "मॅडम, तुमच्याच निरोपाला तुम्ही कशाला राबायचं? मी बिराजदार मॅडमना सांगून टाकलंय."

चांगल्या मनानं म्हणाले बिचारे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. निरोप माझा, आणि सगळ्यांच्या जिभेवर चव राहणार हिची!

आदल्या दिवशी सकाळी तिनं डबा आणून स्टाफरूमच्या फ्रीजमध्ये ठेवला. दुपारी दोन वाजता सगळे हॉलमध्ये खुर्च्या मांडत होते. स्टाफरूममध्ये मी एकटी. जे केलं ते सांगते, लाज वाटते तरी सांगते. मी फ्रीजचं बटण बंद केलं.

बेत सरळ होता. हिचं वितळणार, सगळे हळहळणार, आणि मी घरून माझा डबा आणणार. जळक्या साखरेचंच करून ठेवलं होतं.

मग वर्गात जाऊन निकालपत्रकांवर सह्या करत बसले. एक सही दुसरीसारखी येईना. कॉपी करणाऱ्या पोरांना आयुष्यभर कोपऱ्यात उभं केलेली बाई मी. चार वाजता मात्र राहवेना. परत गेले आणि बटण चालू केलं. दार उघडून बघायचा धीर झाला नाही. बेसिनपाशी कुणीतरी रवी धुऊन उपडी ठेवली होती. उन्हाळ्यात स्टाफरूममध्ये रोजच ताक व्हायचं, त्यामुळे मी तिकडे लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी माझा डबा मांडीवर घेऊन रिक्षानं निघाले. वाटेत रिक्षा पंक्चर. सोलापूरचं ऊन, आणि मी रस्त्याच्या कडेला डब्यावर पदर धरून उभी. शाळेत पोचले तेव्हा आत नुसतं दूध डुचमळत होतं. जाधव सरांनी ते ग्लासात ओतलं आणि एका दमात संपवलं. म्हणाले, "बाई, सरबत लई झ्याक झालंय."

मग तिचा डबा उघडला. मी मान खाली घालून बसले होते, पण कुणी हळहळलं नाही. चमचा घातला तर आवाज नाही, बर्फाचा एक कण दाताखाली नाही. इतकं मऊ तिचंही आजवर कधी झालं नव्हतं. पहिली वाटी तिनं मलाच आणून दिली. एक चमचा तोंडात घातला आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

हेडसर माईकवर म्हणाले, "बघा, शाळा सोडताना मॅडमना किती जड जातंय."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी आणखी एक वाटी घेतली.

*

त्याला वर्ष झालं. परवा दुपारी फोन वाजला, बिराजदार मॅडमचा. माझे गुडघे, नातवाची शाळा, यंदाचं ऊन, सगळं विचारून झालं. मग म्हणाली, "मॅडम, निकाल परवावर आला. उद्या सकाळी डबा ठेवतीय फ्रीजमध्ये. तुमी येताय न्हवं?"

"मी? मी कशाला आता?"

"असं काय करताय ओ," ती म्हणाली. "बटण बंद करायला."

तिकडून ती आपली नेहमीच्या आवाजात बोलत होती.

"गेल्या साली मऊ पडलं ते बरं झालं बघा. मी तसंच रवीनं घोटलं, बटण तुमच्यावरच सोडलं, म्हणून तसं जमलं. दोनाला या. चाराला चालू करा. जास्त नको ओ मॅडम, दोन तास साकु."