बटन कुठल्या हाताला?

“अगं ए, तिकडं नको!” गायधनी सुपरवायझर एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या टेबलावरच्या बायकांनी हातातलं काम थांबवलं. सुनीता पगारेने डावा हात झटकन मागे घेतला. मशीन बंद होतं म्हणून बरं. चालू असतं तर तिची बोटं पट्ट्यात गेली असती.

सुनीताला जन्मापासून दिसत नाही. ओझरच्या रस्त्यावरच्या या कंपनीत ती दोन वर्षं हाताने पॅकिंग करत होती. ते टेबल महिनाअखेर बंद होणार होतं. पुढे सगळं काम सीलरवर, म्हणजे पिशवीचं तोंड गरम करून चिकटवणाऱ्या मशीनवर. त्याची सेफ्टी ट्रायल पास झाली तर नोकरी राहणार, नाहीतर घरी. ट्रायल सोपी होती. ‘स्टॉप’ ऐकलं की इमर्जन्सीचं लाल बटन ताबडतोब दाबायचं.

ते बटन कुठे आहे हे तिला सांगणारी मी. माझं काम ऑडिओ डिस्क्रिप्शनचं. पडद्यावर जे नुसतं दिसतं, कुणी बोलत नाही, ते अंध माणसाला आवाजात सांगायचं. तेही मूळ बोलण्याच्या मधल्या फटीत बसवून. कंपनीच्या ट्रेनिंग व्हिडिओत ऑपरेटर बाई म्हणत होत्या, “पिशवी अशी धरायची, काही झालं तर हे दाबायचं.” अशी म्हणजे कशी आणि हे म्हणजे काय, ते मी भरायचं. फट जेमतेम दोन सेकंदांची. मी लिहिलं, ‘डावीकडे लाल बटन’. तीन शब्द, अगदी चपखल बसले. मी स्वतःवर खूश! मशीन बघायला मात्र गेले नाही. इंदिरानगरहून निघून द्वारका चौकातल्या गर्दीत कोण अडकणार? व्हिडिओ आहे की, म्हटलं.

ट्रायलच्या दिवशी मात्र कौतुक करून घ्यायला वेळेवर हजर होते.

“मी म्हणलो होतो साहेब,” गायधनी एचआरच्या शेख साहेबांना म्हणाले, “हे काम हिला नाय जमायचं. उद्या बोट गेलं तर सही माझी आहे.”

शेख साहेबांनी फॉर्म पुढे ओढला आणि ‘फेल’ लिहिलं. “सॉरी बेटा.”

“सर, रेकॉर्डिंगमध्ये डावीकडेच सांगितलंय,” सुनीता म्हणाली.

“बटन उजव्या हाताला आहे. रेकॉर्डिंग चुकेल कसं? मॅडम एवढ्या अनुभवी आहेत.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी काय बोलावं? “माझी स्क्रिप्ट दोनदा तपासलेली असते.” आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

सुनीता माझ्या आवाजाकडे वळली. “ताई, मी तुम्हाला फोन करून विचारलं होतं. डावीकडे म्हणजे माझ्याच डावीकडे ना? तुम्ही हो म्हणालात.”

विचारलं होतं. मी तेव्हा गाडी पार्क करत होते. ‘हो गं’ म्हणून मोकळी झाले होते.

मी शेख साहेबांना टॅबवर तो व्हिडिओ लावायला सांगितला. ऑपरेटर बाईंचा चेहरा स्वच्छ दिसत होता. चेहरा दिसतोय म्हणजे कॅमेरा मशीनच्या पलीकडून, बाईंच्या समोर लावलेला. त्यांच्या उजव्या हाताचं बटन पडद्यावर डावीकडे दिसणारच. मी खुर्चीत बसून मला दिसलं ते लिहिलं होतं. सुनीता उभी होती त्या बाईंच्या जागी.

गप्प बसता आलं असतं. शेख साहेबांचा माझ्यावर विश्वास होता आणि पुढचे अकरा व्हिडिओ मलाच मिळणार होते. तो विचार मनात येऊन गेला, नाही कशाला म्हणू?

“चूक माझी आहे,” मी म्हणाले. “मी सांगितलं तेच तिने केलं.”

“मॅडम,” शेख साहेब म्हणाले, “फॉर्मवर असं लिहिलं तर हेड ऑफिस पुढचं काम तुम्हाला देणार नाही.”

“लिहा.”

“मग परत रेकॉर्डिंग करा, परत ट्रायल घेऊ,” गायधनी म्हणाले.

“रेकॉर्डिंग कशाला?” सुनीता म्हणाली. “मला एकदा मशीनला हात लावू द्या ना. पहिल्या दिवसापासून मागतेय मी.”

कंपनीचा नियम होता, ट्रायल पास होईपर्यंत मशीन चाचपायचं नाही. शेख साहेबांनी गायधनींकडे बघितलं. गायधनींनी मेन स्विच बंद असल्याची खात्री केली. “लाव.”

सुनीताने या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला. “हे पट्टे. ही पेटी तापत असणार. हे बटन.” दोन मिनिटं लागली असतील. मला त्या व्हिडिओला चार दिवस लागले होते.

मग गायधनींनी तीनदा ‘स्टॉप’ म्हटलं, एकदा तर घरची चौकशी करता करता मधेच. तिन्ही वेळा तिचा उजवा तळवा थेट बटनावर पडला.

“जमतंय की,” गायधनी जरा घुश्श्यातच म्हणाले. शेख साहेबांनी ‘फेल’ खोडलं. सुनीताने ओढणीने डोळे पुसले आणि आपली शिफ्ट किती वाजता ते विचारलं.

ती आज त्याच सीलरवर आहे. ते अकरा व्हिडिओ दुसऱ्या कुणाकडे गेले. वाईट वाटलं. पण आता मशीनचं काम आलं की लिहायच्या आधी मी तिथे जाते, चालवणाऱ्याच्या जागी उभी राहते, डोळे मिटते आणि हात पुढे करते. कामगार हसतात. हसेनात का, बोटं त्यांची जायची नसतात.