न दमणारी पेटी

रत्नागिरीतल्या वाद्यांच्या दुकानात मी कम्प्युटरला जोडून वाजवायच्या दोन छोट्या मिडी कीबोर्डांपुढे घुटमळत होतो. पंचवीस पट्ट्यांचा घ्यावा तर तो पिशवीत मावतो, बत्तीसचा घ्यावा तर त्यात गाणं मावतं. तेवढ्यात देवरूखकडचे एक गृहस्थ आले. भजनी मंडळात पेटी वाजवायचे. रेकॉर्डिंगसाठी मंडळाने त्यांना हेच यंत्र बघायला पाठवलं होतं.

दुकानदाराने कीबोर्ड कम्प्युटरला जोडून पेटीचा आवाज लावला. छोट्यावर गृहस्थांचं एक बोट दोन सुरांवर बसलं, तेव्हा त्यांनी मोठा पुढे ओढला. उजवा हात झकास चालला होता, पण डावा हवेतच भाता मारत होता. मध्येच त्यांनी डावा हात थांबवला. उजव्याचं बोट पट्टीवरच होतं, सूर काही थांबेना. गृहस्थ दचकले.

"ही दमत नाही?"

"कध्धीच नाही," दुकानदार अभिमानाने म्हणाला.

"मग नको."

मी कारण विचारलं. ते माझ्या कानाशी आले.

"आमचे बुवा एकदा रंगले की आवरत नाहीत हो. मी बोट उचललं तर रागावतात. म्हणून मी भाता हळूहळू सैल सोडतो. पेटीवाला दमला असं वाटून ते अभंग आटोपता घेतात. ही घेतली तर अख्खा गाव सकाळपर्यंत बसेल!"

ते गेले. बत्तीसचा मी घेतला. आता घरी मनसोक्त गातो, रेकॉर्ड करतो.

घरातली माणसं लाइट जायची वाट बघतात.