इंजिनाच्या तोंडावरचा पोचा

तो माणूस पहिल्यांदा घरी आला तेव्हा दारातच आईच्या पाया पडला, आणि तिथेच आम्ही फसलो.

रेल्वेची हुबेहूब छोटी मॉडेलं बनवणारी त्याची कंपनी होती, कुठल्याशा मोठ्या शहरात. अशी मॉडेलं काचेच्या कपाटात ठेवणारे, खोलीभर रूळ अंथरून ती चालवणारे हौशी लोक देशभर आहेत, हे मला त्याच्याकडूनच कळलं. आता त्याला गोंदियाच्या छोट्या लाइनवरचं, म्हणजे नॅरोगेजवरचं, डिझेल इंजिन करायचं होतं. मोजकेच नग काढायचे, प्रत्येकावर क्रमांक टाकायचा आणि ते विकले गेले की पुन्हा कधी काढायचं नाही, असा त्याचा बेत होता. त्यातही कोणतंही एक इंजिन नाही. त्याला नेमकं तेच हवं होतं, जे माझ्या बाबांनी नोकरीतली बहुतेक वर्षं चालवलं.

ते इंजिन आता जगात नाही. छोटी लाइन बंद झाली, रूळ उखडले, त्याच जागी मोठी लाइन आली आणि इंजिन भंगारात गेलं. राहिले ते बाबा आणि बाबांनी काढलेले फोटो. तरुणपणी त्यांना फोटोचा नाद होता. स्वतःच्या लग्नाचे नाहीत इतके त्या इंजिनाचे फोटो आमच्याकडे आहेत, असं आई अजून म्हणते.

तो वारंवार येऊ लागला. बाबा गोंदियालगतच्या कुडव्यातल्या घरात निवृत्तीनंतर नुसते बसून असायचे. पेपर वाचायचे, गेटपाशी उभे राहायचे. या माणसाने त्यांना उठवलं, हे मी नाकारत नाही. माझं शिलाईचं दुकान आहे. दुपारी शटर ओढून मी बाबांना स्कूटीवर मागे बसवायची आणि जुन्या शेडच्या जागेकडे न्यायची. तिथे ते त्याला हातवारे करून सांगायचे, इथे खड्डा होता, इथे आम्ही तेल बघायचो, पायरीचा हा दांडा असा वाकडा होता. तो सगळं टिपून घ्यायचा. मला तेव्हा तो आवडायचा.

मग एकदा फोटो बघता बघता त्याचं बोट एका जागी थांबलं. इंजिनाच्या तोंडावर, दिव्याच्या खाली डाव्या बाजूला, पत्र्याला चांगला परातीएवढा पोचा होता. वरून रंग फासलेला, पण खोल. त्याने विचारलं, हे काय. बाबांनी तो फोटो पालथा ठेवला. मी चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभी होते.

"ते नंतरचं आहे," बाबा म्हणाले. "तो पोचा नका घेऊ. त्याच्या आधीचं इंजिन करा."

त्याने बाबांच्या हातावर हात ठेवला. "काका, शब्द देतो."

त्या पोच्याची गोष्ट घरात कोणी मोकळेपणाने बोलत नसे, पण मला माहीत होती. बालाघाटकडच्या एका लहान स्टेशनच्या यार्डात मालगाडीचं शंटिंग चाललं होतं. डबे जोडायला-सोडवायला जो पॉइंट्समन होता, तो बाबांचा जिवलग. दोघं जेवणाच्या एकाच डब्यातून खायचे. सागवानाचे ओंडके लादलेला एक उघडा डबा होता आणि ते ओंडके धड बांधलेले नव्हते. त्याने झेंडी दाखवली, बाबांनी इंजिन हळू पुढे घेतलं, डब्याला टेकवलं. त्या धक्क्याने वरचा ओंडका सुटून सरळ इंजिनाच्या तोंडावर आला. मध्ये तो उभा होता. चौकशी झाली. दोष लादणाऱ्यांचा निघाला, बाबांचा नाही. रेल्वेने पत्रा थोडा ठोकला, रंग मारला आणि इंजिन परत कामाला लावलं. बाबा पुढे निवृत्त होईपर्यंत त्याच पत्र्यामागे बसून गाडी चालवत राहिले.

त्या पॉइंट्समनची बायको, आमच्या काकू, तेव्हा पोराला घेऊन माहेरच्या गावी गेल्या, सडक अर्जुनीकडे. ते पोर आता चाळिशीचं आहे आणि तिथून जवळच कोहमाऱ्याला त्याचं पंक्चरचं दुकान आहे. बाबा त्या बाजूला गेले की दुकानात उभ्या उभ्या त्याला भेटायचे, पण पुढे गावात, काकूंच्या घरी, ते एकदाही गेले नाहीत.

म्हणूनच मॉडेलच्या कार्यक्रमाला बाबांनी काकूंना बोलावलं, तेव्हा आई आणि मी एकमेकींकडे बघत राहिलो. बाबा म्हणाले, आता इंजिन पहिल्यासारखं आहे, तिला दाखवायला हरकत नाही.

स्टेशनजवळच्या हॉटेलच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. बाहेरगावचे हौशी लोक आले होते, गळ्यात कॅमेरे, अंगात इंजिनं छापलेले टी-शर्ट. काकू मुलाबरोबर बसने आल्या. धानाची कापणी टाकून आल्या होत्या, हाताला विळ्याचे ताजे ओरखडे होते. मागच्या रांगेत, दाराजवळ बसल्या. बाबांना स्टेजवर बसवून शाल दिली. मग त्या माणसाने टेबलावरचं मखमली कापड उचललं.

वीतभर लांबीचं इंजिन. काम सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. वाकडा दांडासुद्धा होता. आणि दिव्याच्या खाली, डाव्या बाजूला, पोचा होता.

आधी मला वाटलं की उजेडाचा भास असेल. पण तो माणूस माइकवर हिंदीत सांगू लागला, ये डेंट देखिए, यही इसकी पहचान है, एवढा बारीक तपशील आजवर कोणी केला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. स्टेजवर बाबा शालीचं टोक मुठीत धरून बसले होते.

मॉडेलच्या डब्यासोबत एक छापील पुस्तिका होती. मी एक उचलली आणि पोच्याचं वाक्य शोधलं. ‘शंटिंगच्या वेळी लागलेला किरकोळ मार.’ मी सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि विचारलं, तुम्ही शब्द दिला होता ना. त्याने मला बाजूला न्यायचा प्रयत्न केला. मी हलले नाही. मग तो हसत हसत समजावू लागला. म्हणाला, ताई, तशी इंजिनं पुष्कळ होती, पोचा काढला तर हे कोणतं इंजिन ते कोण ओळखणार, लोकांनी पोच्यासाठीच तर आधीपासून मागणी नोंदवलीय. काकांना वाईट वाटेल असं काही लिहिलेलं नाही, मुद्दामच किरकोळ म्हटलंय.

मी त्याला सगळ्यांसमोर खोटारडा म्हटलं. आवाज चढला असेल. कोणीतरी म्हणालं, मॅडम, फंक्शन है. मी त्यालाही सुनावलं.

तेवढ्यात काकू टेबलापाशी आलेल्या मला दिसल्या. वाकून, हात मागे बांधून त्या इंजिनाकडे बघत होत्या. मग त्यांनी माझ्या हातातल्या पुस्तिकेकडे बोट केलं आणि त्यात काय लिहिलंय ते वाचायला सांगितलं. मला वाचावं लागलं. किरकोळ शब्दाशी मी अडखळले, तर त्यांनी तो पुन्हा वाचायला लावला.

बाबा स्टेजवरून उतरून आले होते. हात जोडून म्हणाले की मी यांना नको म्हणून सांगितलं होतं, तुम्हाला हे पाहावं लागू नये म्हणून.

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा आवाज अजिबात चढला नाही.

"भाऊजी, तुमी हे कायले मिटवत होते? माह्या मानसाचं नाव कोठंच नाई. टेसनावर नाई, या कागदावर नाई. येवढी एक निशानी राह्यली, तेबी तुमाले सपाट करून पाह्यजे?"

बाबांचे जोडलेले हात खाली आले. मी मघापासून ज्या रागाने पेटले होते, तो बाबांच्या बाजूने होता आणि काकूंच्याही, असं मी धरून चालले होते. त्यांना विचारायचं कोणालाच सुचलं नव्हतं. त्या माणसाने आम्हाला विचारून फसवलं. आम्ही तर त्यांना विचारलंसुद्धा नव्हतं.

मग काकू त्या माणसाला म्हणाल्या, "एक मले द्या."

तो म्हणाला की सगळे नग आधीच गेलेत, टेबलावरचाही एका ग्राहकाचा आहे. फार विनयाने म्हणाला. त्याच्या त्या विनयाची मला आजही चीड येते. बाबांना सन्मान म्हणून जो नग दिला होता, तो बाबांनी खुर्चीवरून आणला आणि डब्यासकट काकूंच्या हातात ठेवला. तो माणूस म्हणू लागला, काका, हा तुमच्यासाठी खास होता. बाबा त्याच्याकडे न बघता बाहेर गेले आणि स्कूटीपाशी माझी वाट बघत उभे राहिले.

पुढचे काही आठवडे मी भांडत होते. पोच्याचं आता काही होणार नव्हतं आणि काकूंना तो हवाच होता. पण ते वाक्य बदला, काकूंच्या नवऱ्याचं नाव छापा, एवढंच मी म्हणत होते. त्याने फोनवर सांगितलं की पुस्तिका डब्यांत बंद होऊन गेल्या, मर्यादित आवृत्ती आहे, दुसरी छपाई नाही. मी म्हटलं, मी इथे गोंदियात चिठ्ठ्या छापून देते, तुम्ही फक्त ग्राहकांना पाठवा. त्यावर त्याने फोन घेणं कमी केलं. शेवटी कंपनीच्या वेबसाइटवरून ते किरकोळ माराचं वाक्य काढून टाकलं. नुसतं काढलं. त्या जागी काहीच लिहिलं नाही. आणि मला मेसेज केला, आपकी भावनाओं का सम्मान करते हुए.

हौशी लोकांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. मी त्यात शिरले आणि काय घडलं होतं ते सगळं लिहिलं. काहींनी चांगलं लिहिलं, हात जोडल्याची चित्रं पाठवली. एकाने लिहिलं की या माहितीमुळे आपल्या नगाला आता इतिहास मिळाला, जपून ठेवा, भाव वाढेल. त्याच्या उत्तराला लोकांनी अंगठे दाखवले होते. मी मोबाइल कपड्याच्या ढिगावर आपटला आणि त्या दिवशी एका गिऱ्हाइकाचं ब्लाउज चुकीचं कापलं.

आणि मग मी बाबांवर भडकले. भाजी निवडत होते ते. मी विचारलं, एवढ्या वर्षांत तुम्ही त्यांच्या घरी काऊन गेले नाही? दोष तुमचा नव्हता, कागदावर तसं आलं होतं, मग कोणाची भीती होती? आई मला गप्प करू लागली. बाबा म्हणाले, दोष नव्हता म्हणूनच जाता येत नव्हतं. दोष असता तर जाऊन पाय तरी धरले असते. मला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच इस्त्रीचा शर्ट काढला आणि म्हणाले, चल.

कोहमाऱ्याला दुकानासमोर ट्रक उभे होते. आत जुन्या ट्यूब लटकत होत्या आणि त्यांच्या मागे फळीवर ते इंजिन, डब्यातून काढलेलं, पोचा पुढे करून ठेवलेलं. खाली त्या मुलाने पांढऱ्या रंगाने वडिलांचं नाव लिहिलं होतं, टायरवर नंबर लिहितात तसं, जाड ब्रशने. त्याने सांगितलं की ड्रायव्हर लोक विचारतात आणि तो सांगतो. काकूंना त्याने फोन करून गावातून बोलावून घेतलं.

त्या बाकावर बसल्या आणि बाबांना म्हणाल्या, सांगा आता. बाबांनी सांगितलं. मी इतकं सविस्तर कधी ऐकलं नव्हतं. तो त्या सकाळी बाबांची तंबाखू मागून घेऊन गेला होता, डबीसकट. झेंडी दाखवताना त्याने डब्याच्या दुसऱ्या बाजूच्या माणसाकडे बघून काहीतरी चेष्टा केली होती, हसत होता. बाबांनी कुठे काही सोडलं नाही. पंक्चर काढायला आलेला एक ड्रायव्हर ऐकत उभा राहिला, त्याला मुलाने खुणेने बाहेर नेलं.

काकूंनी एकच विचारलं, त्याने हाक मारली होती का.

"नाही," बाबा म्हणाले. "तेवढा वेळच नव्हता."

काकू बाकाच्या फळीवरून हात फिरवत राहिल्या. "मले वाटे, तो हाका मारत होता आन तुमाले इंजनाच्या आवाजात आयकू आलं नाई," त्या म्हणाल्या. "रोज वाटे."

बाबा रडू लागले. काकू रडल्या नाहीत. त्यांनी मुलाला चहा सांगायला लावला, बाबांना बिस्किटं खायला लावली, आईच्या तब्येतीची चौकशी केली. मी मात्र चहा न पिता बसून होते. मी त्यांना सांगितलं की त्या कंपनीच्या माणसाने वाक्य काढून टाकलं, नाव छापलं नाही, मी त्याला सोडणार नाही. मला वाटलं, त्यांनाही चीड येईल.

काकूंनी पदर खोचला आणि उठल्या. "भांड ना बाई, म्या कोठं नको म्हनली," त्या म्हणाल्या. "मले आता वावरातल्या बांदीत जाचं आहे. धान पडून राहिलं."

आणि रस्ता ओलांडून गेल्या.