आत्याबाईची घेरी आणि गळीची संत्री

शेंदूरजनाघाटच्या शिवारात आमची संत्र्याची बाग होती, आणि त्या बागेत राहून आम्ही संत्री खात नव्हतो. हे नातवंडांना सांगितलं की ती माझ्याकडे असं बघतात, जशी काही म्हातारी त्यांना बनवून राहिली आहे. आता ती मला सांगतात की आजी, रंगीत फळं खावी, त्यात अमुक असतं, तमुक असतं. असेल बाई. मला त्याचं नाव येत नाही, पण त्याचा गुण मी आत्याबाईच्या तोंडात पाहिला आहे. तेव्हा आमचा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता आणि मी नऊदहा वर्षांची होते.

आमच्याकडे बहार विकायची रीत होती. फळं झाडावर हिरवी असतानाच बागवान, म्हणजे फळांचा व्यापारी, यायचा, ओळीओळीनं फिरायचा, बाबांच्या हातात हात द्यायचा आणि कमरेच्या पिशवीतून फुटाणे काढून घरातल्या सगळ्यांच्या तळहातावर घालायचा. फुटाणे चावले की सौदा पक्का. त्यानंतर झाड आमचं, पाणी आमचं, राबणं आमचं, पण फळ त्याचं. त्याला हात लावायचा नाही. आपोआप खाली पडेल तेवढं घरच्यांचं, त्याला आम्ही गळ म्हणायचो. दुसऱ्या बागांवर बागवान राखणदार ठेवायचा, आमच्या बागेवर नाही. बाबांचा शब्द हाच त्याचा राखणदार.

त्या साली फुटाणे वाटले तेव्हा आत्याबाईनं आपले पदरात लपवले. मी पाहिलं आणि मोठ्यानं विचारलं, तर तिनं मला असा चिमटा काढला की अजून आठवतो.

आत्याबाई म्हणजे बाबांची मोठी बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आली आणि आई नसलेल्या बाबांना तिनंच वाढवलं, म्हणून बाबा तिच्यापुढे कधी वर तोंड करून बोलले नाहीत. तिला दोन गोष्टींचा गर्व होता, एक भाऊ आणि दुसरे दात. ऊस ती कोयत्याशिवाय सोलायची. त्याच बाईच्या हिरड्यांतून आता रक्त येत होतं, दात हलत होते, आणि ती भाकर ताकात कुस्करून गिळत होती. ऐन कार्तिकात एक खालचा दात भाकरीच्या घासात निघून आला. तिनं तो चिंधीत गुंडाळून देवळीत ठेवला.

बाबांनी तिला अमरावतीला नेलं. मलाही नेलं, कारण मोटारीत आत्याबाईला मळमळायचं आणि पुढ्यात तांब्या धरायला कोणीतरी पाहिजे होतं. डॉक्टरनं तिचं तोंड उघडून पाहिलं आणि काय खाता म्हणून विचारलं. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, ठेचा. रोज हेच? रोज हेच. राहता कुठे? संत्र्याच्या बागेत.

"मग दिवसाला संत्री किती खाता?"

"आमी कायले खाऊ," आत्याबाई म्हणाली, "ते विकाचे असतेत."

डॉक्टरनं टाक खाली ठेवला आणि बाबांकडे बघितलं. बाबा छताकडे बघायला लागले. डॉक्टरनं मग निवांत समजावलं. ताजं फळ पोटात नाही म्हणून हिरड्या सडून राहिल्या आहेत, रोज दोन संत्री खायची, दोन महिने, नाहीतर बाकीचे दातही याच वाटेनं जातील. आत्याबाईनं हुज्जत घातली की संत्रं थंड, खोकला होतो. डॉक्टर म्हणाला, होऊ द्या खोकला, खोकायला दात लागत नाहीत.

घरी आल्यावर खरी पंचाईत. बहार तर विकलेला. बाजारातून आणावी, तर संत्र्याच्या बागेचा मालक वरूडच्या बाजारात संत्री विकत घेतो म्हणून पंचक्रोशी हसली असती. आई म्हणाली, बागवानाला विचारून घ्या. बाबा म्हणाले, येईल तेव्हा विचारीन. तो यायचा पंधरा दिवसांनी. तोवर लिंबू दिलं, ते आत्याबाईच्या हिरड्यांना झोंबलं. आवळा दिला, तर तिनं तो अंगणात फेकला आणि वर आईला शिव्या दिल्या. पेरूच्या बिया हलत्या दातांत अडकल्या. राहिली फक्त गळ. पण झाडं निरोगी, एक दिवस एक फळ पडायचं, दोन दिवस काहीच नाही.

चौथ्या दिवशी आत्याबाईला घेरी आली.

सकाळी ती मला घेऊन बागेत निघाली होती. फळांनी लगडलेल्या झाडाजवळ आली आणि एकदम डोक्याला हात लावून म्हणाली, पोरी, डोळ्यापुढं अंधारून राहिलं. मग तिनं आधाराला फांदी धरली. अशी धरली की फांदी गदागदा हलली आणि दोन संत्री धपकन खाली पडली. लगेच तिची घेरी उतरली.

"पडलं का नाही, पोरी?"

"पडलं," मी म्हणाले.

"आपोआप पडलं का नाही?"

मी इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, आपोआप पडलं. त्यातलं अर्धं मला मिळालं. उन्हानं कोमट झालेलं ते संत्रं मी फोडीफोडीनं खाल्लं आणि साक्षीदाराचं काम मला फार आवडलं.

मग रोजच घेरी येऊ लागली, आणि गंमत अशी की कधी सुकलेल्या झाडाजवळ आली नाही. पुढे पुढे तर आत्याबाईला फांदी हलवायचाही कंटाळा आला. ती सरळ फळ ओढायची, अलगद जमिनीवर ठेवायची, मान वळवून माझ्याकडे बघायची आणि मी 'पडलं' म्हटलं की उचलायची. दोनाची पाचसहा झाली, आणि उरलेली ती गळ म्हणून घरी आणायची. जमिनीला टेकल्याशिवाय तिनं एकही फळ तोंडाला लावलं नाही. तेवढी ती सचोटीची होती.

हिरड्यांतलं रक्त आठवडाभरात कमी झालं. ती सोप्यात बसून बोटानं एकेक दात हलवून बघायची आणि मला खबर द्यायची, आज हा बसला, आज तो बसला.

इकडे बाबांची झोप उडाली. बहिणीसाठी फळ मागायचं त्यांच्या मनातून गेलं, कारण गळ भरपूर होती. पण एवढी गळ का, याचा त्यांना घोर लागला. रस शोषणारं रात्रीचं पाखरू फळाला टोचत असेल म्हणून त्यांनी रोज दिवेलागणीला ओल्या गोवऱ्या आणि निंबाचा पाला पेटवून बागभर धूर केला. आम्ही सगळे खोकलो. आत्याबाई सगळ्यात जास्त खोकली आणि म्हणाली, बघा, संत्रं थंडच.

पंधराव्या दिवशी बागवान आला. बाबांनी त्या दिवशीची गळ टोपलीत भरून त्याच्यापुढे ठेवली आणि मान खाली घालून म्हणाले, "पाखरू लागलं बागेले. तुमाले सौदा मोडाचा असन तं मोडा. मी नाही म्हननार नाही."

बागवानानं एक फळ उचललं, गोल फिरवून पाहिलं. दुसरं उचललं. तिसरं.

"भाऊ, पाखरू टोचते तं भोक राह्यते. याले भोक कुठी हाय? अन् देठापाशी साल फाटेल हाय. हे पडलं नाही. कोनीतरी वढलं."

बाबांचा चेहरा काळाठिक्कर पडला. त्यांचा शब्द त्या टोपलीत फाटक्या सालीचा पडलेला होता. मी आईच्या मागे गेले. आत्याबाई सोप्यातून उठली, पदर सावरला आणि मधोमध येऊन उभी राहिली.

"म्या वढलं. वढून खाली ठेवलं, मंग उचललं. त्यात भावाचा दोष नाही, त्याले मालूमच नाही. डाक्टरनं दोन सांगतले होते, दात जाऊन राहिले होते माहे."

बागवान तिच्याकडे बघत राहिला. "मंग बाई, आता दात?"

"बसले."

त्यानं कमरेची पिशवी सोडली आणि तिच्या तळहातावर मूठभर फुटाणे घातले. तिनं सगळे एकदम तोंडात टाकले. कडकड आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. चावून झाल्यावर तिनं तोंड उघडून त्याला दाखवलं, एक खिंडार सोडलं तर बाकी ठाण मांडून बसलेले, रक्ताचा टिपूस नाही.

बागवान ओट्यावर बसला आणि पोट धरून हसला. बाबा हसले नाहीत. मग तो म्हणाला, बांधाजवळचं ते झाड आजपासून बाईचं. बाबा नको म्हणाले, तर त्यानं सुनावलं की फळ माझं आहे, तुम्ही कोण नाही म्हणणारे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या झाडाजवळ गेलो. आता चोरी नव्हती, घेरीचंही कारण नव्हतं. आत्याबाईनं हात वर करून दोन चांगली संत्री तोडली आणि जमिनीवर ठेवली. मग मान वळवून माझ्याकडे बघत उभी राहिली.

"पडलं," मी म्हणाले.

तिनं वाकून ती उचलली.