सहाव्या दिवशी भुऱ्या गप्प झाला

देवापुढे डोकं टेकवून मी मनात म्हणाले, "आज घर कसं शांत आहे, तुझीच कृपा." आणि त्याच वेळी माझ्या पाठीमागे, चार पावलांवर, माझा कुत्रा मरायला टेकला होता. ही गोष्ट मी बरेच दिवस कुणाला सांगितली नाही. सांगायची लाज वाटत होती, हे एक. दुसरं म्हणजे त्या सकाळी जे घडलं ते दत्तगुरूंनी घडवलं की आपसूक घडत गेलं, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. मी स्वभावानं चौकस बाई. बेलापूरच्या सरकारी कचेरीत माझी सगळी नोकरी फायलींवर "कारण काय?" असं लिहिण्यात गेली. निवृत्त झाले तरी ती खोड गेलेली नाही. आमचे हे म्हणतात, वर गेल्यावर तू चित्रगुप्तालाही खुलासा मागशील. मागेनही. म्हणून आठवतं तसं सगळं लिहून काढते आहे.

आम्ही दोघं सीवूड्सला तिसऱ्या मजल्यावर राहतो. लेक लग्न होऊन गेली आणि त्याच वर्षी सोसायटीच्या जिन्याखाली एक भुरकं पिल्लू सापडलं. मी चार दिवस नाही नाही म्हणाले आणि पाचव्या दिवशी त्याच्यासाठी दूध कोमट करत बसले. तो भुऱ्या. आज सहा वर्षांचा आहे. माझ्या मागे मागे स्वयंपाकघरात येतो, मी फोनवर बोलताना पायावर हनुवटी ठेवून बसतो, आणि हे घरी नसले की दारापाशी झोपतो. लेकीपेक्षा जास्त लाड झालेत त्याचे, हे लेकच म्हणते.

दरवर्षी मी सात दिवसांचं पारायण करते. शनिवारी बसायचं, शुक्रवारी समाप्ती. एक वेळ जेवण, चटईवर झोप, सोवळ्यात वाचन. अध्याय सुरू केला की संपेपर्यंत आसन सोडायचं नाही आणि मध्ये बोलायचं नाही. अकरा वर्षांत माझं एकही पारायण मोडलेलं नव्हतं आणि त्याचा मला गर्व होता, खरं सांगायला काय हरकत आहे. त्या आठवड्यात घरात मासळी येत नाही. आमच्या इमारतीत हिराबाई मासळी घेऊन येते, दिवाळे गावातली, माझ्याच वयाची. ती मला तू म्हणते, मी तिला तू. एरवी तिच्या बांगड्यांवाचून आमचं पान हलत नाही, पण पारायणाच्या आदल्या दिवशी मी तिला जरा तोऱ्यातच बजावलं होतं, की हा आठवडाभर माझ्या दारात टोपली आणायची नाही. ती "बरा" म्हणाली आणि गेली.

हे घडलं त्या वर्षी सोसायटीच्या नव्या कमिटीनं नोटीस लावली, की ज्यांच्याकडे कुत्रा-मांजर आहे त्यांनी शनिवारपर्यंत लसीकरणाचा दाखला द्यावा. भुऱ्याच्या लसी दोन महिने लांबल्या होत्या. हे गुरुवारी सकाळी त्याला डॉक्टरकडे नेणार होते, पण बुधवारी संध्याकाळी उरणहून फोन आला, यांचा मावसभाऊ घसरून पडला होता. हे तिकडे गेले. आता मुदत चुकवायची म्हणजे माझ्या जिवावर येतं. गुरुवारी, पारायणाच्या सहाव्या दिवशी, सकाळी नऊला मीच त्याला घेऊन गेले. डॉक्टर तरुण मुलगी आहे, हाताला हलकी. दोन सुया टोचल्या आणि म्हणाली, "काकू, अर्धा तास बाहेर बाकावर बसा, मग जा." मी पाच मिनिटं बसले. वाचनाला उशीर होत होता. घरी जाऊन परत आंघोळ, सोवळं, पूजा. मनात म्हटलं, इतकी वर्षं लस घेतोय, त्याला कधी काही झालंय? आणि उठले.

घरी येऊन पावणेदहाला मी आसनावर बसले. हॉलमध्येच देव्हारा आहे, माझी पाठ दाराकडे. हवेसाठी आतलं दार उघडं आणि बाहेरचं जाळीचं दार कडी लावून बंद. अध्याय सुरू झाला आणि थोड्या वेळानं भुऱ्या ओकल्याचा आवाज आला. सकाळी गवत खाल्लं असेल, म्हटलं, अध्याय झाला की पुसू. मग तो सतरंजीवर तोंड घासायला लागला, खर्र खर्र. मग कण्हायला लागला. मी वाचता वाचता जमिनीवर हात आपटला, गप्प राहा म्हणून. सहाव्या दिवशी विघ्न येतं असं मी ऐकलं होतं. हे विघ्न आलं, देव परीक्षा बघतोय, आणि आपण ढळायचं नाही, असं मला अगदी मनापासून वाटलं. आवाज चढवून वाचत राहिले. थोड्या वेळानं तो गप्प झाला. मी ओवी संपवून डोकं टेकवलं आणि देवाचे आभार मानले, ते वर लिहिलंच आहे. समोर तसबिरीत दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री बसलेली. रोज त्यांना हळदकुंकू वाहणारी मी, पाचव्याकडे मान वळवून पाहिलं नाही.

तेवढ्यात जाळीच्या दाराचा आवाज झाला आणि मागून हिराबाईची हाक आली. मी न बघता हात हलवला, जा म्हणून. मला संताप आला होता. इतकं सांगूनही आलीच ही. ती काही गेली नाही. शांतपणे म्हणाली, "वाच तू, बाय, वाच. पन पैला कुत्र्याकडं बग. तोंड कसा सुजलाय त्याचा."

मी वळले. आणि मग मला पोथीही दिसेना आणि देवही. भुऱ्याचं तोंड एखाद्या परक्या कुत्र्याचं असावं तसं झालं होतं. डोळे बारीक, ओठ जाड, पोटावर गांध्या उठलेल्या. मी नाव घेतलं तर शेपूट हलली, अगदी थोडी. मी धावत जाऊन कडी काढली. हिराबाई आत आली ती सरळ जमिनीवर बसली, त्याचा वरचा ओठ उचलला आणि अंगठ्यानं हिरडी दाबून बघितली. "लाल नाय हाय," मासळीच्या कल्ल्याची लाली बघून ताजेपणा ओळखणारी ती म्हणाली. "पांढरा पडलाय. आमी म्हावऱ्याचा कल्ला बगताव ना, तसाच. याचा रगत उतरलाय. उठ, डाक्टरकडं चल, बसू नको." मी काय बोलावं? मी म्हणाले, "अध्याय अर्धा राहिलाय." हे शब्द माझ्या तोंडून गेले, हे मी लपवणार नाही. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं. रागानं नाही, आपण उन्हात चक्कर आलेल्या माणसाकडे बघतो तसं. आणि भुऱ्याला दोन्ही हातांवर उचलून ती लिफ्टकडे चालायला लागली.

मी सोवळ्याच्या रेशमी साडीत, अनवाणी, तिच्या मागे. खाली उतरल्यावर तिनं वॉचमनला काहीतरी ओरडून सांगितलं, माझं लक्ष नव्हतं. रिक्षावाला म्हणाला, कुत्ता नहीं बैठेगा. हिराबाई बसलीसुद्धा होती. "मेरे गोदी में बैठेगा, तेरे सीट पे नहीं. चला तू," ती म्हणाली, आणि त्यानं मुकाट्यानं रिक्षा चालू केली. वाटेत भुऱ्याची मान तिच्या कोपरावरून खाली लोंबत होती. मी त्याच्या छातीवर हात ठेवून बसले आणि श्वास मोजत राहिले. मोजता मोजता एकदा चुकले, तेव्हा पुन्हा एकपासून सुरुवात केली.

दवाखान्यात डॉक्टरनं एक नजर टाकली आणि आत घेतलं. इंजेक्शनं, पायाला सुई, सलाईन. आमच्यासाठी बाहेरचा बाक. मी दीड तासापूर्वी ज्याच्यावर अर्धा तास बसले नाही, तोच. हिराबाई माझ्या शेजारी बसली, तिच्या हाताला मासळीचा वास येत होता आणि मी तो हात घट्ट धरून ठेवला होता. सोवळं केव्हाच गेलं होतं. नेहमी मी देवाकडे काही मागते तेव्हा बदल्यात काहीतरी कबूल करते, इतके गुरुवार, इतक्या प्रदक्षिणा. त्या बाकावर मला कबूल करण्यासारखं काही सुचेना. जे काय होतं ते पारायणच होतं, आणि ते तर मीच मोडून आले होते. शेवटी मनात एवढंच म्हटलं, माझ्याकडे काही नाही, तूच बघ. अकरा वर्षं मी त्याला इतकं वाचून दाखवलं, पण इतकं थोडं आणि इतकं खरं त्याच्याशी कधी बोलले नव्हते.

दीड तासानं डॉक्टर बाहेर आली. "धोका टळला," म्हणाली, "पण संध्याकाळपर्यंत इथेच ठेवू." मग जरा थांबून, "काकू, मी बसायला सांगितलं होतं." मी मान खाली घालून सगळं सांगितलं. मी विचारलं, हे लसीमुळेच का? ती म्हणाली, असू शकतं, बहुतेक तसंच असावं, पण शंभर टक्के सांगता येणार नाही, मधमाशी चावली तरी तोंड असंच सुजतं. फक्त वेळ बघता तिचा पहिला संशय लसीवरच होता. लस मात्र बंद करायची नाही, पुढच्या वेळी आधी औषध देऊ, दोन्ही लसी एका दिवशी देणार नाही आणि तुम्ही इथून हलायचं नाही. कार्डावर तिनं लाल शाईनं तसं लिहिलं. मला तिचं ते "सांगता येणार नाही" फार आवडलं. जे ठाऊक आहे तेवढं करायचं आणि जे नाही ते नाही म्हणायचं, हे मला देवाच्या बाबतीत कधी जमलं नव्हतं.

संध्याकाळी भुऱ्या आपल्या पायांनी घरी आला. मी ज्यांच्याकडून पारायण शिकले त्या काकांना फोन करून विचारलं, आता काय करू? ते म्हणाले, "पोथी बंद करून गेलीस की उघडी ठेवून?" मी म्हटलं, उघडीच राहिली. "मग तिथूनच वाच की," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

माझ्या डोक्यातून एक प्रश्न मात्र जाईना. हिराबाई वर आलीच कशी? देवानं तिला काही सुचवलं असेल का, स्वप्न पडलं असेल का, काहीतरी असेलच. दुसऱ्या दिवशी समाप्ती होती. मी तिला प्रसादाला बोलावलं. ती दुपारी आली, केस धुतलेले, हिरवी साडी नेसून. भुऱ्याच्या तोंडावर थोडी सूज होती, पण तिला बघून तो लंगडत दारापर्यंत गेला. घेवड्याची भाजी वाढता वाढता मी तिला सरळ विचारलं. ती हसली. "रोज मी खालून वरडले का हा गॅलरीतून भुंकतो. पाच दिस झाले, एक दिस चुकला नाय. काल भुंकला नाय. म्हटला, बगून येव." एवढंच. ना स्वप्न, ना साक्षात्कार. तीन मजले खाली उभ्या असलेल्या बाईला जी शांतता खटकली, ती माझ्या पाठीशी होती आणि मी तिला कृपा समजले होते.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "हिराबाई, मला माफ कर. तुला दारात यायचं नाही म्हणून मीच सांगितलं होतं, आणि काल तू आलीस तेव्हा तुझ्यावर चिडलेही. मासळी घेऊन वर आलीस असं वाटलं मला."

"मासली कुठं आनली वर?" ती म्हणाली. "टोपली गेटवर ठेवलेली. तुजा देवाचा आठवडा ना."

माझा हात वाढता वाढता थांबला. सकाळचे साडेदहा, टोपली भरलेली, आणि ही बाई माझ्याबरोबर दीड तास त्या बाकावर बसून होती. "मग टोपलीचं काय झालं?"

"काय व्हनार? वॉचमनला बोलले होते बगायला, तो गेला पान्याच्या पंपावर. मांजरांनी पारना केला." आणि ती खरोखर मनापासून हसली, आणि भाजीचा घास घेऊन म्हणाली, मीठ बरोबर पडलंय. मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून रडले. माझा नेम माझ्यापेक्षा तिनं जास्त पाळला होता, आणि मला ते कळू न देता.

आता मी त्यात खुलासा मागत नाही. कुत्र्यानं भुंकणं चुकवलं, बाईनं ते ऐकलं, आणि मी वळून पाहिलं. यातलं देवाचं कुठलं आणि माणसाचं कुठलं, हे वेगळं काढायची माझी हौस फिटली. रोज दिवा लावल्यावर मी एकच मागणं मागते. तू पाठवलेलं माणूस दारात उभं असतं तेव्हा मला ओळखू येत नाही, हे तुला माहीत आहे. तरी पाठवत जा.